सव्वा किलोचा लॅपटॉप, काही महिन्यांनंतर: काय हलकं झालं, काय जड गेलं

आधी यंत्र कसं आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्या मापानं वाचता येईल. १४ इंची आयपीएस स्क्रीन, १९२० × १२०० रिझोल्यूशन, यू-मालिकेतला (कमी वीज खाणारा) १५ वॉटचा प्रोसेसर, बोर्डवरच सोल्डर केलेली १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ५७ वॉट-अवरची बॅटरी आणि ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर. जाडी १५ मिलिमीटरच्या आत, वजन १.२ किलो. याच घडणीचे लॅपटॉप बऱ्याच कंपन्या विकतात आणि खालचं बहुतेक सगळं त्या सगळ्यांना लागू पडतं, म्हणून नाव मुद्दाम टाळलंय.

वजनाचं कौतुक रास्त आहे, फक्त हिशोब पूर्ण करावा. सोबतचा चार्जर केबलसकट पाव किलोच्या पुढे जातो, वर हब (एका टाइप-सी पोर्टातून अनेक पोर्ट काढून देणारी डबी) शंभरेक ग्रॅमचा. म्हणजे पाठीवर दीड किलोहून जास्तच.

खरी मेख उष्णतेत आहे. प्रोसेसरवर १५ वॉट लिहिलंय, पण काम अंगावर पडताच तो काही सेकंद ४०-५० वॉटपर्यंत वीज ओढतो. तेवढ्या वेळात हा लॅपटॉप दुप्पट जाडीच्या यंत्राइतकाच चपळ असतो. फाइल उघडणं, वेबपान लोड होणं, मोठी एक्सेल शीट पुन्हा मोजली जाणं ही कामं त्या सेकंदांतच उरकतात, त्यामुळे ऑफिसच्या कामात पातळपणा आडवा येत नाही. काम लांबलं की चित्र बदलतं. आत एक लहान पंखा आणि एक चपटा हीटपाइप (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारी नळी), बस्स. तापमान नव्वदीच्या पुढे गेलं की प्रोसेसर वीज कमी करत १५ ते २० वॉटवर येऊन बसतो आणि तिथेच राहतो. व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला तर पहिल्या मिनिटाचा वेग बघून उरलेल्या वेळेचा जो अंदाज येतो, तो हमखास चुकतो. म्हणून दुकानातल्या दोन मिनिटांच्या चाचणीवर जाऊ नये. बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवायचाच तर लागोपाठ पाच वेळा चालवा आणि पाचवा आकडा धरा.

हवा तळाच्या जाळीतून आत जाते आणि बिजागरीजवळून बाहेर पडते. तळ आणि टेबल यांच्यात रबरी पायांमुळे जेमतेम दोन-तीन मिलिमीटर फट राहते, आणि सगळी मदार त्या फटीवर. पलंगावर किंवा मांडीवर ठेवला की ती बंद होते. मागचा एखादा रबरी पाय निघून पडला तरी पंखा एरवीपेक्षा जास्त ओरडू लागतो, आणि कारण लवकर लक्षात येत नाही. मागची कड दोन-तीन सेंटिमीटर उचलून ठेवली की आवाज कमी होतो. त्यासाठी महागडा स्टँड नको, जाळी झाकणार नाही असं काहीही चालतं. व्हिडिओ कॉलच्या वेळी विंडोजमधला पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी'वर टाकावा. कॉलमध्ये फरक पडत नाही, पंखा मात्र बहुतेक वेळ गप्प राहतो.

बॅटरीसाठी जाहिरातीतले तास विसरा आणि साधा भागाकार करा. मध्यम ब्राइटनेसवर लेखन आणि ब्राउझर चालू असताना पूर्ण यंत्र साधारण ६ वॉट खातं: ५७ भागिले ६, म्हणजे नऊ तास आणि वर थोडे. व्हिडिओ कॉलला १२ ते १४ वॉट, म्हणजे चार-साडेचार तास. सतत ताण असेल तर दोन तासांत चार्जर शोधावा लागतो. जाहिरातीतला आकडा बहुतेकदा मंद ब्राइटनेसवर सलग व्हिडिओ चालवून काढलेला असतो. व्हिडिओ उलगडायला प्रोसेसरमध्ये वेगळा भाग असतो, म्हणून ते काम फार स्वस्तात होतं.

टेबलावर कायम चार्जरला लावून वापरणार असाल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय बहुधा असतो. पूर्ण भरलेली बॅटरी आणि तिच्या शेजारीच तापणारा बोर्ड ही जोडी वाईट. झीज किती झाली ते पाहायला कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी लिहून पुढे स्लॅश बॅटरीरिपोर्ट द्या (powercfg /batteryreport). जो अहवाल तयार होतो त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी शेजारी दिसतात. आणखी एक गोष्ट बोटांनी तपासता येते. पातळ लॅपटॉपची बॅटरी टचपॅडच्या खाली पसरलेली असते. टचपॅडचा क्लिक अचानक कडक झाला, त्याची एक कड वर आली किंवा झाकण नीट बसेनासं झालं, तर बॅटरी फुगल्याचा संशय घ्या. मग चार्ज करू नका, दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच नको. बंद करून थेट बॅटरी बदलायला द्या.

झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉप तासाभरानं गरम निघतो, ही या वर्गातली नेहमीची तक्रार. जुनी एस-थ्री झोप (रॅम सोडून जवळपास सगळं बंद करणारी) बहुतेक नव्या यंत्रांत काढून टाकली आहे. तिच्या जागी आलेल्या 'मॉडर्न स्टँडबाय'मध्ये यंत्र फोनसारखं अर्धवट जागं राहतं. एखादा ड्रायव्हर किंवा अपडेट त्याला झोपू देत नाही आणि बंद बॅगेत उष्णता जायला जागा नसते. पॉवर सेटिंगमध्ये झाकण मिटल्यावर 'हायबरनेट' (चालू काम एसएसडीवर साठवून यंत्र पूर्ण बंद करणं) निवडलं की प्रश्न मिटतो. उघडल्यावर थोडं थांबावं लागतं, तेवढं चालतं. दोषी कोण हे शोधायचं असेल तर पॉवरसीएफजीचाच स्लीपस्टडी अहवाल पाहावा.

पोर्टांची कंजुषी आहेच: दोन टाइप-सी, एक टाइप-ए, एक हेडफोनचा. एचडीएमआय नाही, नेटवर्क केबलचा पोर्ट नाही. त्यामुळे हब आला, आणि हब घेताना लोक फसतात. स्वस्त हबवर '४के' लिहिलेलं असतं, पण ते ३० हर्ट्झवर. स्क्रीनवर माऊसचा बाण अडखळत चालतो तो त्यामुळेच. '४के ६० हर्ट्झ' असं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. हबमधून चार्ज करताना हब स्वतःसाठी काही वॉट राखून ठेवतो, हेही धरा. केबलचंही तसंच. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची असते, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉट. पूर्ण ६५ वॉट हवे असतील तर ५ अँपिअरची, ई-मार्कर चिप (केबलची क्षमता चार्जरला सांगणारी) असलेली केबल लागते. वायरलेस माऊस हब लावल्यावरच लटपटत असेल तर माऊस बदलू नका. यूएसबी ३ जोडण्यांमधून निघणारा गोंगाट २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो आणि माऊसचा रिसीव्हर त्याच पट्ट्यावर चालतो. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावला की बरं होतं.

रॅम नंतर वाढवता येत नाही, तेव्हा ती घेतानाच १६ जीबी तरी हवी. व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) चालवणाऱ्यांनी ३२. एसएसडी मात्र बदलता येते, कारण ती एम-डॉट-टू खाचेत बसलेली आहे. काम तासाभराचं. आधी बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की कुठेतरी लिहून ठेवा आणि डेटाची प्रत काढा. तळाचे स्क्रू टॉर्क्स टी५ किंवा बारीक फिलिप्स असतात, दोन कधी कधी रबरी पायांखाली लपलेले. लांब-आखूड स्क्रूंची जागा लक्षात ठेवा. लांब स्क्रू चुकीच्या भोकात पिळला तर वरच्या पत्र्याला फोड येतो. तळ उघडताना धातूचं काही घुसवू नका, प्लास्टिकच्या पट्टीनं क्लिप एकेक सोडवा. मग सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर काढायचं. नवी एसएसडी एकाच बाजूला चिप असलेली घ्यावी. दोन्ही बाजूंना चिप असलेली, किंवा जाड हीटसिंक लावलेली, इतक्या कमी उंचीत बसत नाही.

कीबोर्डची खोली १.२ मिलिमीटरच्या आसपास. हात बसायला आठवडा लागतो, मग वेग परत येतो, मजा येत नाही. स्पीकर तळाला, पोकळ आवाजाचे.

स्क्रीन या रिझोल्यूशनला इंचाला १६० च्या वर पिक्सेल देते, मजकुराला पुरेसं. २८८० × १८०० चा पर्याय अक्षरं रेखीव दाखवतो, पण बॅटरीतून त्याची वसुली करतो. मॅग्नेशियमचं झाकण अॅल्युमिनियमपेक्षा हलकं, पण दाबलं की लवतं. बॅगेत घट्ट दाबला गेला की कीबोर्डच्या कळांचे तेलकट चौकोन स्क्रीनवर उमटतात. मिटण्याआधी कोरडं मायक्रोफायबर कापड फिरवलं तर काचेवर कायमचे ओरखडे येत नाहीत. कॅमेऱ्यावर चिकटवायची प्लास्टिकची सरकपट्टी मात्र लावूच नका. मिटल्यावर काच आणि कीबोर्ड यांच्यात तेवढी जागाच नसते, सगळा दाब त्या एका बिंदूवर येतो आणि काच तिथून तडकू शकते. अशा यंत्रांत अनेकदा नुसती स्क्रीन बदलून मिळत नाही, झाकणासकट पूर्ण वरचा भाग घ्यावा लागतो.