राज्यस्तरीय नर्सिंग लीडरशिप वर्कशॉप: वॉर्डातल्या सिस्टर्सनी जावंच

मी ग्रामीण रुग्णालयात इन्चार्ज सिस्टर आहे. सीएनईला, म्हणजे नर्सेसच्या सततच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना, आपल्यातले बरेच जण तासांसाठी जातात, 5 वर्षांत 150 तास भरायचे असतात ना. पण नाशिकला झालेलं हे दोन दिवसांचं वर्कशॉप मनापासून आवडलं म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात भारी काय, तर कॉलेजच्या ट्यूटर आणि वॉर्डातल्या सिस्टर्स एकाच टेबलावर बसवल्या होत्या आणि त्याही वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या. आपल्याकडे जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमा) परीक्षा एक बोर्ड घेतं, बीएस्सीची नाशिकचं आरोग्य विद्यापीठ, रजिस्ट्रेशन मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलकडे, आणि नोकरी कुणाची आरोग्य खात्यात, कुणाची मेडिकल कॉलेजला तर कुणाची महापालिकेत, मग नर्सिंगच्या मुलींना वॉर्डात नक्की काय शिकवायचं हे एकत्र बसून ठरवणार कोण आणि कधी?

आयसबार (ISBAR: ओळख, परिस्थिती, पार्श्वभूमी, तपासणी, काय हवंय) पद्धतीने ओव्हर द्यायचं, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्याला नीट सांगायचं सेशन तर एक नंबर. केस होती बाळंतिणीच्या ब्लीडिंगची. आधी आमच्या टेबलावरची एक सिस्टर नेहमीसारखं फोनवर म्हणाली, "सर, पेशंटचं ब्लीडिंग जास्त आहे, बघता का?" मग तेच परत करून घेतलं: मी कोण, कुठल्या वॉर्डातून बोलतेय, डिलिव्हरी किती वाजता झाली, पॅड किती वेळात भिजलं, पल्स 120, बीपी 90/60, ऑक्सिटोसिन चालू आहे, सर तुम्ही आत्ता या. शेवटचं वाक्य ठामपणे म्हणायला भल्याभल्या सीनियर अडखळल्या. लीडरशिप म्हणतात ती हीच, आणि ती पहिल्या वर्षापासून शिकवायला हवी असं मला फार वाटतं.

2023 च्या नर्सिंग आणि मिडवाइफरी कमिशन कायद्यावरचं लेक्चरही चांगलं होतं. 1947 चा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा जाऊन राज्यातही कमिशन येणार हे आमच्यातल्या बऱ्याच जणींना तिथेच कळलं, प्रश्नोत्तरांना मात्र वेळच उरला नाही कारण सकाळ सगळी सत्कार आणि भाषणांत गेली. हे आयोजकांनी खरंच बदलावं, लोक नाईट करून लांबून आलेले असतात. पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्र) एएनएम ताई, म्हणजे गावपातळीवरच्या नर्स, तर जवळजवळ नव्हत्याच, त्यांना बोलवा प्लीज.

जेवण ठीक, राहायची सोय स्वच्छ. माझ्याकडून 5 पैकी 4. जाणार असाल तर शक्यतो जवळच्या कॉलेजची एखादी ट्यूटर सोबत न्या, आम्ही परत आल्यावर लगेच वॉर्डातल्या स्टुडंट्सचं ओव्हर दोघींनी मिळून घ्यायला सुरुवात केलीय.