मंगळवार पेठेतील गणिताची एक शिकवणी: वर्षभर पाहून लिहिलेला अभिप्राय

माझा मुलगा गेल्या जूनपासून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नववीच्या गणिताच्या शिकवणीला जातो. सायंकाळी सहा ते साडेसात अशी ही बॅच असून तीत ३६ मुले-मुली आहेत. शिकवणीचे नाव येथे दिलेले नाही, कारण हा अभिप्राय लिहिणार असल्याचे सांगितल्यावर सरांनीच तशी विनंती केली. जागा भरल्या आहेत आणि नव्या पालकांना नकार देत बसण्याचे काम त्यांना नको आहे. मी स्वतः करवीर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ वर्षे सहावी ते आठवीला शिकवते. त्यामुळे मुलाला किती गुण मिळाले यापेक्षा, एवढी मुले दीड तास एका खोलीत बसवून हे सर आवाज न चढवता कसे शिकवतात, याचेच मला अधिक कुतूहल होते. पालकांना मागच्या बाकावर बसून तास पाहण्याची मुभा असल्याने वर्षभरात मी चार वेळा जाऊन बसले.

पहिली गोष्ट लक्षात आली ती दारातच. सहाला दहा मिनिटे असतानाच सर जिन्याच्या तोंडाशी उभे असतात आणि येणाऱ्या प्रत्येकाशी एखादे वाक्य तरी बोलतात. आत फळ्यावर दोन उदाहरणे आधीच लिहिलेली असतात, त्यांतले एक कालच्या घटकावरचे आणि दुसरे कोणालाही सुटेल इतके सोपे. मूल जागेवर बसते, वही उघडते आणि लिहू लागते. जागा महिनाभरासाठी ठरलेल्या असल्यामुळे रिकामे बाक पाहूनच हजेरी मांडली जाते, नावे पुकारावी लागत नाहीत. हे वाचायला किरकोळ वाटेल. परंतु माझ्या वर्गात हजेरीला सहा-सात मिनिटे जातात, आणि दिवसभराच्या गोंगाटाची सुरुवात नेमकी त्याच सहा-सात मिनिटांत होते, हे मला या खोलीत बसल्यावर प्रथमच नीट उमगले.

जेकब कूनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास वर्गांच्या चित्रफिती पाहून एक निष्कर्ष काढला होता. मुलांनी खोडी काढल्यानंतर शिक्षक काय करतो, यावरून चांगला वर्ग आणि विस्कटलेला वर्ग वेगळा ओळखता येत नाही. फरक पडतो तो खोडीला वाव मिळण्याआधी शिक्षक काय करतो यामुळे, असे त्याला दिसले. वर्गात कोठे काय चालले आहे हे शिक्षकाला ठाऊक असणे, आणि ते ठाऊक असल्याचे मुलांनाही कळणे, याला त्याने विशेष महत्त्व दिले. बी.एड.ला हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. सरांनी कूनिन वाचला आहे की नाही, हे मी विचारले नाही, पण ते फळ्याकडे पूर्ण वळून कधीच लिहीत नाहीत. अर्धे अंग मुलांकडे ठेवून लिहितात, आणि मोठे उदाहरण असेल तर खडू एखाद्या मुलाच्या हाती देऊन स्वतः शेवटच्या बाकामागे जाऊन उभे राहतात. संश्लेषक भागाकार, म्हणजे बहुपदीला भागण्याची छोटी रीत, शिकवताना त्यांनी तासाचा निम्मा वेळ असा मागे उभे राहूनच काढला, आणि मागच्या रांगेतल्या ज्या मुलांना आपण एरवी गृहीत धरून सोडून देतो, ती त्या दिवशी जणू पहिल्या रांगेत आली.

प्रश्न विचारण्याची त्यांची रीतही लक्षात राहण्यासारखी आहे. ते आधी प्रश्न सांगतात, मग थांबतात आणि नाव शेवटी घेतात. मेरी बड रो या संशोधिकेने, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांब येतात व अधिक मुले बोलू लागतात, असे दाखवून दिले होते. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, असे ज्याला वाटते त्याने फळ्यासमोर उभे राहून एकदा ते मोजून पाहावेत. सर पाठीमागे हात बांधून बोटांवर मोजतात. मागच्या बाकावर बसल्याने, ते रांगांमधून पुढे जात असताना, मला ते दिसले.

या शिकवणीची खरी परीक्षा पाहायला मिळाली ती फुटबॉलच्या हंगामात. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर शाहू स्टेडियमवर दोन तालमींच्या फुटबॉल संघांचा सामना असला की पेठांमधील पोरांचे दुसऱ्या कशातही लक्ष लागत नाही. त्या दिवशी सामना संपवून सात-आठ मुले थेट वर्गात आली होती, दोन्ही बाजूंचे समर्थक होते आणि जिन्यावरच शब्दाला शब्द लागला होता. ठरल्याप्रमाणे त्या दिवशी प्रमेयाची सिद्धता होती. सरांनी ती बाजूला ठेवली आणि त्रिकोण रचना घ्यायला लावली. कंपास, कर्कटक, पट्टी आणि टोकदार पेन्सिल हातात आली की मान खाली जाते. वीस मिनिटांत खोली शांत झाली. तरीही दोघांची कुजबुज चालूच होती. सर शिकवता शिकवता त्यांच्या बाकापाशी गेले, एकाच्या वहीतील चुकलेल्या कंसावर बोट ठेवले आणि बोलण्याचा ओघ न तोडता पुढे सरकले. वर्ग सुटल्यावर मात्र त्या दोघांना जिन्यात थांबवून घेतले. तेथे काय बोलणे झाले ते कोणालाच ऐकू आले नाही, आणि ते ऐकू येऊ नये हाच त्यामागचा हेतू असावा.

एका पालकाने माझ्यासमोरच त्यांना म्हटले होते, "सर, हवं तर दोन फटके द्या, पण पोरगं सुधारू दे." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई आहे, तरी आपल्याकडे असे पालक अजून भेटतात. सरांनी कायदा सांगितला नाही. "दादा, मी मारलं तर ते मला घाबरंल, गणिताची भीती तशीच राहील," एवढेच ते म्हणाले.

आता तक्रारी. मुलांची चूक चारचौघांत न काढणारा हा माणूस शनिवारच्या चाचणीचे गुण मात्र नावानिशी व्हॉट्सॲपच्या गटावर टाकतो, आणि त्या गटात सर्व पालक आहेत. नोव्हेंबरात एका मुलीने सलग दोन शनिवार चुकवले, त्याचे कारण मला तरी हेच वाटते. दुसरे असे की तासाची गती मधल्या मुलांना धरून आहे. ज्यांचा हात लिहिण्यात मागे पडतो त्यांच्या वहीत उदाहरणे अर्धीच राहतात आणि ती पुरी करण्यासाठी वेगळी वेळ दिली जात नाही. खोली २५ मुलांच्या मापाची आहे, पंखे दोनच आहेत आणि बोळात दुचाकी लावायला जागा मिळत नाही. शुल्क वर्षाला १६ हजार रुपये. प्राथमिक शिक्षण १९१७ मध्येच सक्तीचे आणि मोफत करणाऱ्या शाहू महाराजांच्या गावात एका विषयासाठी एवढे पैसे मोजताना शिक्षिका म्हणून माझाच हात अडखळतो.

शिक्षक वाचकांना साहजिकच पुढचा प्रश्न पडेल, की हे शाळेत जमते का. मी माझ्या सातवीवर प्रयोग करून पाहिला. फळ्यावर आधीच उदाहरण लिहून ठेवण्याची पद्धत पहिल्या आठवड्यातच रुजली आणि सकाळचा गोंगाट निम्म्यावर आला. थांबून नाव घेण्याची सवय लावायला मला दोन महिने लागले, कारण घाई मुलांना नव्हती, मलाच होती. ठरलेल्या जागांचा बेत मात्र पार फसला. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुले मध्येच दाखल होतात आणि हंगाम संपताच निघून जातात. त्यांना कोठे बसवायचे यावरून दर आठवड्याला नकाशा मोडत राहिला. शिवाय सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असे कायदा म्हणतो, तर माझा पट ४१ चा आहे, आणि एकाच विषयाची तयारी करून संध्याकाळी दीड तास उभे राहणाऱ्या सरांची तुलना, पोषण आहाराच्या नोंदी सांभाळत दिवसाला सहा तास घेणाऱ्या शिक्षकाशी करणे न्यायाचे होणार नाही. हे मी सरांनाही बोलून दाखवले आणि त्यांनी ते लगेच मान्य केले. गुणांच्या यादीबद्दल मात्र "बघतो" म्हणाले. मार्चपर्यंत यादी येतच होती.

मुलाचे नाव दहावीसाठी तेथेच नोंदवले आहे. संथ लिहिणाऱ्या किंवा लाजऱ्या मुलाच्या पालकांनी मात्र आधी स्वतः एक तास पाहावा आणि मगच शुल्क भरावे. नवी बॅच एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. तास पाहायला यायचे असल्यास दोन दिवस आधी कळवावे लागते, आणि मोबाइल जिन्याखालच्या टोपलीत ठेवूनच वर जावे लागते, पालकांनीसुद्धा.