मोंढ्यातला सर्व्हर आणि सिस्टमडी: हंगामभर वापरल्यानंतर

लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर डेबियनचा (लिनक्सचा एक प्रकार) छोटा सर्व्हर मी सांभाळतो. काट्याची वजनं, शेतकऱ्यांच्या पट्ट्या, उधारी, सगळं त्यावरच. सोयाबीनची आवक जोरात असताना लाइट गेली आणि इन्व्हर्टरही बसला, तर लाइट आल्यावर कुणी हात न लावता सगळं सुरू झालं पाहिजे. या कसोटीला सिस्टमडी, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम सुरू करणारी आणि सांभाळणारी यंत्रणा, उतरलं, पण मूळ सेटिंगवर नाही.

सर्व्हिस फाइलीत (प्रोग्रॅम कसा चालवायचा ते सिस्टमडीला सांगणारी फाइल) 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर', म्हणजे बिघडून बंद पडल्यास पुन्हा सुरू कर, असं लिहिलं तरी दोन प्रयत्नांत फक्त १०० मिलिसेकंदांचं अंतर असतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टमडी प्रयत्नच सोडतं. झटक्यात लाइट गेल्यावर डेटाबेसला सावरायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. तोवर पट्टीचा प्रोग्रॅम 'फेल्ड' होऊन पडलेला, आणि बाहेर शेतकरी ताटकळलेले. 'आफ्टर' या सेटिंगने कोण कुणानंतर सुरू व्हायचं तो क्रम लागतो. डेटाबेस जोडणी घ्यायला तयार झालाय का, ते त्यातून कळतंच असं नाही. 'रीस्टार्टसेक', म्हणजे दोन प्रयत्नांमधलं अंतर, ५ सेकंद केलं, तेव्हा ती मर्यादा गाठण्याचा प्रश्नच उरला नाही. असे बदल 'सिस्टमसीटीएल एडिट' या कमांडनेच करा. ते वेगळ्या फाइलीत राहतात, अपडेट आलं तरी पुसले जात नाहीत.

लॉगच्या, म्हणजे मशिनवर काय घडलं त्याच्या नोंदींच्या, बाबतीत मी फार समाधानी आहे. सिस्टमडीच्या या लॉगला जर्नल म्हणतात. 'जर्नलसीटीएल -बी -१' ही कमांड दिली की लाइट जाण्याआधीच्या बूटचा सगळा लॉग समोर येतो. '-यू' जोडून एकाच सर्व्हिसपुरतं बघता येतं. डेबियन ११ पासून हा लॉग डिस्कवर टिकतो. त्याआधीच्या मशिनवर 'व्हार-लॉग'मध्ये 'जर्नल' फोल्डर आहे का ते तपासा. नसेल तर लॉग मेमरीत राहतो आणि लाइटीबरोबर जातो. शिवाय साधे संदेश डिस्कवर पक्के व्हायला ५ मिनिटांपर्यंत लागू शकतात, म्हणजे नेमकी शेवटची, कामाची मिनिटंच हरवण्याची भीती. हा वेळ ठरवणारं 'सिंकइंटरव्हलसेक' मी ३० सेकंदांवर आणलंय. आपल्याकडच्या लाइटीला हे हवंच.

रात्रीचा बॅकअप क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारा जुना प्रोग्रॅम) काढून सिस्टमडीच्या टायमरवर नेला. 'पर्सिस्टंट=ट्रू' असलं की वेळ चुकलेला बॅकअप मशिन सुरू झाल्यावर लगेच होतो. साधं क्रॉन तो सोडून देतं.

नाराजी एकाच गोष्टीवर: जर्नलच्या फाइली साध्या मजकुराच्या नाहीत. मशिन बंद पडलं आणि डिस्क काढून दुसऱ्या मशिनला लावली, तर साध्या एडिटरमध्ये त्या वाचता येत नाहीत. म्हणून साध्या मजकुरात लॉग लिहिणारं आरसिसलॉगही चालूच ठेवलंय.