सारसबाग की कात्रज? लहान मुलांना तळ्याकाठी नेण्यापूर्वी

पुण्यात तीन-चार वर्षांच्या मुलाला सुटीच्या दिवशी पाणी, झाडे आणि हुंदडायला मोकळी जागा एकाच फेरीत दाखवायची म्हटले, की बहुतेक घरांत दोन नावे पुढे येतात: एक पर्वतीच्या पायथ्याची सारसबाग, शेजारच्या पेशवे पार्कासह, आणि दुसरे कात्रजच्या तलावाकाठचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय. दोन्ही महापालिकेची आहेत आणि दोन्हींकडे जाताना स्वारगेट हाच सोयीचा टप्पा आहे. निवड करताना माझ्या मते निकष एकच धरावा: मुलाचा धीर सुटला, की किती मिनिटांत बाहेर पडता येईल?

या निकषावर सारसबाग सहज पुढे जाते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्याला येथे तळे करवले, त्यातल्या बेटावर बाग झाली आणि सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, तेथे गणपतीची स्थापना झाली, म्हणून जुने पुणेकर आजही त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. पुढे ते विस्तीर्ण तळे बुजवून बाग केली गेली आणि आता पाणी उरले आहे ते देवळाभोवतीच्या कमळांच्या तळ्यापुरते. मोठ्यांना ते फारच लहान वाटते. लहानांना मात्र नेमके तेवढेच पुरते, कारण पाणी त्यांच्या नजरेच्या टप्प्यात असते. एखादे कासव मान वर काढून पुन्हा बुडाले, की ते परत कुठून निघते हे पाहण्यात दोन वर्षांचे मूल कठड्याला नाक लावून जेवढा वेळ काढते, तेवढा वेळ ते घरातल्या कोणत्याही खेळण्यापुढे काढत नाही. थंडीत या गणपतीला स्वेटर घालतात. त्या दिवसांत नेलेत, तर देवालाही थंडी वाजते का, या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे.

खेळाची साधने मुख्यतः पेशवे पार्कात आहेत. १९५३ साली सुरू झालेल्या या उद्यानात पूर्वी प्राणी होते. ते कात्रजला हलवल्यानंतर येथे ऊर्जा उद्यान झाले. फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासूनची असल्यामुळे नातवाला घेऊन आलेले आजोबा स्वतःही लहानपणी तिच्यात बसलेले असण्याची शक्यता बरीच असते. सारसबागेला प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे वीस मिनिटांत मूल रडायला लागले, तरी पैसे वाया गेल्याची चुटपुट लागत नाही. शिवाय भेळ, पावभाजीच्या गाड्या बाहेरच असल्याने भुकेचा प्रश्नही लांबत नाही, मात्र त्याच गाड्यांपुढून फुगेवाल्याला चुकवत मुलाला बाहेर काढणे ही वेगळी परीक्षा आहे. गर्दी हा या जागेचा खरा दोष आहे. रविवारची संध्याकाळ, संकष्टी आणि विशेषतः अंगारकी हे दिवस लहान मुलांसाठी टाळावेतच. दिवाळीच्या पहाटे तर बागेत पाऊल ठेवायला जागा नसते. सकाळी आठच्या आत गेल्यास हिरवळ ओली असते, त्यामुळे सोबत जाड सतरंजी आणि जादा कपड्यांचा एक जोड असावा.

कात्रजचा मामला निराळा आहे. सुमारे १३० एकरांचा हा परिसर १९९९ पासून प्राणिसंग्रहालय म्हणून चालतो, पण त्याआधीच, १९८६ मध्ये, नीलमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने येथे सर्पोद्यान सुरू झाले होते, आणि चार-पाच वर्षांच्या मुलांचे पाय अजूनही सर्वांत जास्त वेळ तेथेच खिळतात. तलाव मोठा आहे, पण तो लांबून पाहायचा; त्याच्या काठावर बसून पाण्याशी खेळता येईल अशी कल्पना करून गेल्यास निराशा पदरी पडेल. प्राण्यांसाठी ऐसपैस, खंदक असलेल्या मोकळ्या जागा केल्या आहेत. प्राण्यांच्या दृष्टीने ते उत्तमच आहे, पण तीन फुटांच्या माणसाला त्या कठड्यापलीकडचे काही दिसत नाही, त्यामुळे वाघ, अस्वल आणि हत्ती या प्रत्येकासमोर मुलाला कडेवर घ्यावे लागते. वाघ दुपारी झाडाखाली निजलेला असतो. मगर तासन्‌तास हलत नाही आणि मूल हमखास विचारते की ती खरी आहे का.

अंतर ही येथली मुख्य अडचण आहे. आत बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, त्यांचे तिकीट वेगळे असते आणि सुटीच्या दिवशी त्यासाठी रांगही असते. तरीही पाच वर्षांखालचे मूल सोबत असल्यास पायी फिरण्याचा हट्ट धरू नये, कारण अर्ध्या वाटेत मूल झोपले तर परतीचा रस्ता तेवढाच उरलेला असतो. बाबागाडी मात्र सारसबागेपेक्षा येथे जास्त उपयोगी पडते. तिकडे देवळाच्या पायऱ्यांपाशी ती कोणाच्या तरी स्वाधीन करावी लागते. प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते, ही गोष्ट फाटकापर्यंत जाऊन कळणाऱ्यांची संख्या आजही कमी नाही. कात्रज चौकातल्या वाहतूककोंडीचा हिशेब धरून सकाळी उघडण्याच्या वेळीच पोहोचणे आणि जेवणापूर्वी बाहेर पडणे हेच बरे. येताना कात्रज डेअरीवर थंड दूध घेतले, की परतीच्या प्रवासात मुले निम्म्या वाटेत झोपतात.

पाषाण तलावाचे नावही काही जण सुचवतात. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन पक्षी पाहायचे असतील तर तेथे अवश्य जावे. घसरगुंडीच्या वयातल्या मुलांसाठी तेथे फारसे काही नाही.

तेव्हा मूल चार वर्षांखालचे असेल, आजी-आजोबा सोबत असतील किंवा हाताशी फक्त दोन-अडीच तास असतील, तर सारसबाग आणि पेशवे पार्क निवडावे. मूल पाचाच्या पुढे असेल, प्राण्यांची नावे पाठ असतील आणि अर्धा दिवस मोकळा असेल, तर कात्रज. दोन वेगवेगळ्या वयांची भावंडे असल्यास प्रश्न अवघड होतो. अशा वेळी मी कात्रजच सुचवीन, पण दोन मोठी माणसे सोबत असतील तरच, म्हणजे एकाला धाकट्याला घेऊन सावलीत बसता येते आणि दुसऱ्याला थोरल्याबरोबर सापांपाशी हवा तेवढा वेळ थांबता येते. दोन्ही ठिकाणे एकाच दिवसात उरकण्याचा बेत कोणी मांडलाच, तर तो सरळ मोडीत काढावा.