टू-स्ट्रोक इंजिनाचे आयुष्य आणि यामाहा वायझेड २५० एक्स

टू-स्ट्रोक डर्ट बाइक घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण आधी एकच शंका विचारतो: इंजिन टिकते का? यामाहाची वायझेड २५० एक्स मी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या जंगलांत आणि डोंगरवाटांवर काही वर्षे चालवते आहे आणि तिचे इंजिन घरच्या गॅरेजमध्ये स्वतः उघडते. माझे उत्तर असे, की तासांचा हिशोब ठेवून वेळेवर भाग बदलणाऱ्याच्या हातात हे इंजिन अत्यंत भरवशाचे आहे, आणि ‘बिघडेल तेव्हा बघू’ म्हणणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पिस्टन आणि रिंगा येथे ब्रेक पॅडसारख्याच झिजणाऱ्या आणि बदलायच्या वस्तू आहेत, हे आधी मान्य केले तर पुढचा हिशोब सोपा होतो. म्हणून पहिली खरेदी तासांच्या मीटरची करावी. किलोमीटरवरून या इंजिनाचे वय कळत नाही.

गाडीची ओळख थोडक्यात देते. २०१६ साली आलेली ही गाडी मोटोक्रॉसच्या वायझेड २५० वर बेतलेली आहे. कॉम्प्रेशन थोडे कमी, गिअरचे टप्पे जास्त रुंद, सस्पेन्शन मऊ आणि मागचे चाक १८ इंची, म्हणजे जंगलातल्या लांब शर्यतींना मानवणारे बदल. इंजिन २४९ सीसीचे असून बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६६.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ७२ मिलिमीटर आहे. त्याची मूळ रचना १९९९ पासूनची. २००५ मध्ये चौकट अ‍ॅल्युमिनिअमची झाली, इंजिनाला मात्र फारसा हात लागला नाही. होंडासारख्या कंपनीने मोठ्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्या २००७ नंतर बंद केल्या, यामाहाने चालू ठेवल्या. एकच इंजिन पाव शतक चालत राहिल्याने त्याच्या सवयी सगळ्या मेकॅनिकना पाठ आहेत, सुटे भाग सहज मिळतात, आणि कोणता भाग आधी झिजतो याबद्दल कोणाच्या मनात संदिग्धता उरलेली नाही. भरवसा मोजायचा तर ही बाब मला कोणत्याही नव्या तंत्राइतकीच मोलाची वाटते.

आता देखभालीकडे वळू, आणि सुरुवात एअर फिल्टरपासूनच करायला हवी. फोर-स्ट्रोकमध्ये आत शिरलेली धूळ थेट वाल्व्ह आणि सिलिंडरकडे जाते. टू-स्ट्रोकमध्ये हवा आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँक फिरणाऱ्या पेटीत, जाते, तेथून ट्रान्सफर पोर्ट नावाच्या वाटांमधून सिलिंडरमध्ये चढते. याचा अर्थ असा, की फिल्टरमधून निसटलेली धूळ कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगवरून फिरून मगच पिस्टनपाशी पोहोचते, आणि वाटेतले सारे काही घासत जाते. येथल्या उन्हाळ्यात, पुढच्या गाडीच्या मागे चालताना उडणारी पिठासारखी माती पाहिली की फोमचा फिल्टर प्रत्येक फेरीनंतर का धुवायचा ते वेगळे सांगावे लागत नाही. धुतलेला फिल्टर पूर्ण वाळू द्यावा, फिल्टर ऑइल हाताने मळून फोमच्या कणाकणात पोहोचवावे, जास्तीचे पिळून काढावे आणि ज्या कडेवर तो बसतो तेथे ग्रीसचा पातळ थर द्यावा. फिल्टर काढल्यावर एअरबॉक्सच्या आतल्या नळीत बोट फिरवून पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे; बोटाला कोरडी, करकरीत धूळ लागली तर फिल्टर नीट बसलेला नव्हता असे समजावे आणि इंजिन चालू करण्याआधीच कारण शोधावे.

दुसरी बाब तेल आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाची. महाराष्ट्रात स्कूटरच्या काळात पेट्रोलपंपावर टू-टी ऑइल टाकून घेतलेल्या पिढीला हे नवीन नाही. यामाहाचे प्रमाण ३० भाग पेट्रोलला एक भाग तेल असे आहे, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला सुमारे १६७ मिलिलिटर. मिश्रण मोजपात्राने करावे, अंदाजाने नाही. पेट्रोल किमान ९५ ऑक्टेनचे घ्यावे, इथेनॉल मिसळलेले टाळावे, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. आणि कॅनमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिलेले मिश्रण खुशाल टाकून द्यावे. तेल कमी टाकले की धूर कमी होतो म्हणून काही जण प्रमाण पातळ करतात. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याचा आणखी एक परिणाम होतो, तो असा की तेल कमी झाल्याने त्याच जेटमधून, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रातून, पेट्रोल जास्त जाते आणि जेटिंगचा सगळा हिशोब बदलतो. कंपनीने दिलेले प्रमाण पाळण्यातच शहाणपण आहे.

इंजिन सीझ होण्याच्या, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसण्याच्या, बहुतेक कहाण्या चालवण्याच्या दोन सवयींशी येऊन थांबतात. थंड इंजिन किक मारताच जोरात ओढले तर अ‍ॅल्युमिनिअमचा पिस्टन भराभर फुगतो, भोवतीचा पाण्याने थंड राहणारा सिलिंडर मागे पडतो, आणि पिस्टनच्या बाजूंवर चार ठिकाणी उभे ओरखडे उमटतात. रेडिएटरला हात लावल्यावर दोन्ही बाजू कोमट लागेपर्यंत थांबणे एवढाच त्यावर उपाय आहे. दुसरी सवय लांब उताराची. थ्रॉटल पूर्ण बंद करून, गिअरच्या जोरावर वेग रोखत खाली उतरताना इंजिन वेगाने फिरत असते, पण पेट्रोल जवळजवळ बंद असते; आणि तेल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे वंगणही त्याच वेळी तुटते. अशा उतारावर क्लच दाबावा किंवा अधूनमधून थ्रॉटल थोडा उघडून मिटावा. फोर-स्ट्रोकवरून आलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगत नाही, आणि पहिलाच पिस्टन त्यात जातो.

टॉप-एंड, म्हणजे पिस्टन, रिंगा, गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) आणि वरची गॅस्केटे, हौशी जंगल-राइडिंगमध्ये साधारण ४० ते ६० तासांनी बदलावीत असे माझे मत आहे. शर्यतीत ओढणाऱ्यांना ती बरीच आधी बदलावी लागतात. आमच्याकडे हिवाळ्यात डोंगरातले बरेच रस्ते हंगामापुरते बंद होतात, तेव्हा हे काम निवांत होते. टाकी, पाइप, हेड आणि सिलिंडर काढला की पिस्टन समोर येतो आणि तो बरेच काही सांगतो. माथ्यावर सारखा तपकिरी थर आणि पोर्टच्या तोंडाशी धुतल्यासारखे स्वच्छ पट्टे दिसले तर मिश्रण योग्य होते. माथा राखाडी, कोरडा आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसला तर इंजिन पेट्रोलच्या कमतरतेने तापत होते. रिंगांखालच्या कडेवर काळा डाग उतरला असेल तर वायू रिंगांमधून निसटू लागला आहे.

पिस्टन काढण्याआधी क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके दाबून बसवणे अनिवार्य आहे, कारण गजन पिनची छोटी क्लिप उडून आत पडली तर साधे काम संपूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जाते. जुन्या क्लिपा पुन्हा कधीच वापरू नयेत. नवा पिस्टन घेताना सिलिंडरवर कोरलेले अक्षर पाहावे. यामाहा सूक्ष्म मापफरकानुसार अ‍े, बी, सी, डी अशा प्रतींचे पिस्टन देते आणि सिलिंडरच्या प्रतीचाच पिस्टन त्यात शोभतो. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या दिशेला ठेवावा, रिंगेची टोके खाचेतल्या बारीक पिनेभोवती बसली आहेत याची बोटाने खात्री करावी आणि मगच सिलिंडर खाली सरकवावा, कारण टोक पिनेवर चढले तर ते पोर्टमध्ये अडकते आणि सिलिंडरचा लेप फाडते. हा सिलिंडर बोअर करून वाढवायचा नसतो. आतल्या भिंतीवर कठीण लेप असतो आणि तो गेला तर पुन्हा लेप चढवून घ्यावा लागतो. हे सगळे ज्याला पाना धरता येतो आणि टॉर्क रेंचचा आदर करता येतो अशा कोणालाही एका दिवसात जमते. फोर-स्ट्रोकमधले टॅपेट, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन हे भाग येथे नाहीतच.

त्याच वेळी पॉवर वाल्व्ह साफ करावा. एक्झॉस्ट पोर्टची उंची इंजिनाच्या वेगानुसार बदलणारी ही यंत्रणा यामाहाने फार पूर्वीपासून वापरली आहे, आणि तिच्यावर तेलाची चिकट काजळी साचली की गाडी खालच्या वेगात मरगळते किंवा वरच्या वेगात फुलत नाही. अनेक जण तेव्हा कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतात. रीड वाल्व्हच्या, म्हणजे हवा क्रँककेसमध्ये एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेच्या, पाकळ्या उजेडात धरून कडेला चिरा पडल्या आहेत का तेही बघून घ्यावे.

गिअरबॉक्सचे तेल ज्वलनापासून पूर्ण वेगळे असते आणि लागते पाऊण लिटरच्या आसपास, त्यामुळे ते दहा-एक तासांनी बदलायला कचरू नये. त्यात क्लचची धूळ साचते. या तेलाची पातळी आपोआप घटू लागली आणि धूर पांढरा, दाट येऊ लागला, तर क्रँकचे क्लचकडचे सील गेले आहे. डावीकडचे, मॅग्नेटोकडचे (ठिणगीसाठी वीज बनवणाऱ्या भागाकडचे) सील गेले तर धोका जास्त, कारण तेथून कोरडी हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, आणि थ्रॉटल बंद केल्यावरही इंजिन वर-वर फिरत राहते. असे झाल्यास गाडी पुढे रेटू नये.

आधुनिक टू-स्ट्रोक म्हटले की आज इंधन इंजेक्शनचा विषय येतोच. केटीएमने २०१८ च्या मॉडेलपासून २५० आणि ३०० ईएक्ससी या टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये ट्रान्सफर पोर्टमध्ये पेट्रोल सोडणारी टीपीआय यंत्रणा आणली, तेलासाठी वेगळी टाकी आणि पंप दिला, आणि २०२४ च्या मॉडेलपासून थ्रॉटल बॉडीतून इंजेक्शन देणारी टीबीआय आणली. समुद्रसपाटीपासून हजार मीटर चढले की हवा जवळजवळ नऊ-दहा टक्के विरळ होते. इंजेक्शन ते आपोआप सांभाळते, वायझेडमध्ये मात्र डोंगरात जाण्याआधी कार्ब्युरेटरचा मेन जेट आणि सुई यांचा विचार करावा लागतो. ही सोय खरी आहे, पेट्रोलही कमी लागते, आणि इलेक्ट्रिक स्टार्टचे सुख घसरड्या चढावर गाडी बंद पडली की कळते. वायझेड २५० एक्सला फक्त किक आहे, आणि दमलेल्या पायाला तिचा राग येतो हे मान्य केले पाहिजे. पण इंजेक्शनबरोबर पंप, फिल्टर, सेन्सर, बॅटरी आणि वायरिंग येते. बिघाड शोधायला निदान-यंत्र लागते. पिस्टन, रिंगा, सील यांची झीज दोन्हीकडे तीच. भर जंगलात, शेजारी दुकान नसताना, स्क्रूड्रायव्हरने उघडता येणारा कार्ब्युरेटर मला जास्त आश्वासक वाटतो.

भारतात ही गाडी अधिकृतपणे मिळत नाही. मात्र केटीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये ५०, ६५ आणि ८५ एसएक्स या मुलांच्या टू-स्ट्रोक गाड्या भारतीय बाजारात आणल्या, त्यामुळे पुण्या-नाशकाकडचे जे पालक मुलांना मोटोक्रॉसला घालत आहेत त्यांना वरचे बहुतेक सारे लागू पडते. फरक इतकाच, की लहान इंजिन त्याच कामासाठी कितीतरी जास्त वेगाने फिरते, म्हणून पिस्टनचे तास मोठ्या २५० पेक्षा खूप कमी धरावेत. गाडीच्या किमतीबरोबरच वर्षभराच्या पिस्टन, रिंगा, गॅस्केटे आणि दोन जादा फिल्टरांचा खर्च खरेदीआधी कागदावर मांडावा आणि हे भाग किती दिवसांत हातात पडतील ते विक्रेत्याकडून स्पष्ट विचारून घ्यावे.

जुनी वायझेड घेणाऱ्यांनी मालकाला गाडी थंडच ठेवायला सांगावी. आधीच तापवून ठेवलेल्या गाडीत सुरू होण्याचा त्रास लपतो. किक हळूहळू दाबून पाहावी. पाय विरोधाशिवाय खाली गेला तर रिंगा संपल्या आहेत. मग फिल्टर काढून नळीत बोट फिरवावे, टॉप-एंड शेवटचे किती तासांवर झाले याची नोंद मागावी, आणि नोंद नसेल तर नव्या पिस्टनचा आणि गॅस्केटांचा पूर्ण खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.