लंकावी: दोन रात्री शिडाच्या बोटीवर, त्यातली एक रेबाकच्या मरिनात

नाशिकच्या अंबडला माझं छोटं मशिन शॉप आहे. त्यामुळे कुठलीही वस्तू समोर आली की मला आधी तिचे नट-बोल्ट दिसतात. जानेवारीत मुलाने मलेशियातल्या लंकावी बेटांवर शिडाच्या बोटीची दोन रात्रींची सहल ठरवली, तोवर बोट म्हणजे गंगापूर धरण एवढाच आमचा अनुभव होता. बुकिंग केलेल्या एजन्सीचं नाव लिहीत नाही. तक्रार त्यांना कळवली आहे, उत्तर यायचं आहे. बोट आणि बोटीवरची माणसं मात्र उत्तम होती, हे आधीच सांगतो.

नाशिकहून समृद्धीने मुंबई, तिथून साधारण पाच तासांत क्वालालंपूर, पुढे तासाभरात लंकावी. पर्यटनासाठी ३० दिवसांपर्यंत सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही. डिजिटल अरायव्हल कार्ड मात्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं.

बोट चाळीस फुटी, एका डोलकाठीची, तीन केबिनची. कप्तान तिथलाच मलय गृहस्थ, सोबत एक मदतनीस. पहिल्या दिवशी दायांग बुन्टिंग बेटावर गेलो. चुनखडीच्या गुहेचं छत कोसळून तिथे तळं झालंय. पलीकडे खारा समुद्र आणि मध्ये अरुंद कडा, तरी तळ्याचं पाणी गोडं. बायकोने ओंजळभर तोंडावर मारून खात्री केली.

त्या रात्री बेटाच्या आडोशाला नांगर टाकून मुक्काम होता. इथे पहिली तक्रार. बुकिंगमध्ये ‘एसी केबिन’ लिहिलं होतं, पण या बोटीवर जनरेटर नाही. धक्क्यावरच्या विजेला केबल जोडली तरच एसी चालतो, आणि हे आम्हाला रात्री नऊ वाजता कळलं. दमट उकाड्यात केबिनमध्ये झोप लागेना, तेव्हा तिघेही गाद्या घेऊन डेकवर आलो. मध्यरात्री जाग आली तर झोपताना डाव्या हाताला असलेले दिवे उजव्या हाताला! घाबरलोच. कप्तानाने समजावलं की भरती-ओहोटी पालटली की प्रवाह उलटा होतो आणि बोट नांगराभोवती फिरते. नांगर पक्का आहे ना, हे त्याने दोनदा उठून पाहिलं, आणि मीही त्याच्याबरोबर उठलो.

दुसऱ्या दिवशी शीड चढवून इंजिन बंद केलं. इतकी शांतता मी कारखान्यात रविवारीसुद्धा ऐकलेली नाही. वारा उजवीकडून, बोट डावीकडे कललेली. बायकोचा चेहरा उतरला, पण नाशिकहून नेलेल्या आलेपाकाने निभावलं. पुढे माचिंचांगचा डोंगर दिसू लागला. त्याचा वालुकाश्म सुमारे ५५ कोटी वर्षांचा. अंजनेरी-ब्रह्मगिरीचा आपला काळा कातळ साडेसहा कोटींच्या आसपासचा. आपल्या डोंगरांना आम्ही जन्मभर ‘फार जुने’ म्हणत आलोय, म्हणून मी त्या सुळक्यांकडे बराच वेळ पाहत राहिलो.

दुपारी रेबाक बेटावरच्या मरिनात, म्हणजे शिडाच्या बोटी बांधून ठेवायच्या बंदरात पोचलो. ज्यांना नुसतं बेट आणि समुद्रकिनारा नको, बोटीचं जग बघायचंय, त्यांनी इथे यावंच. अरुंद तोंडातून बोट आत शिरली आणि लाटा संपल्या. आत गोदीसारखं शांत पाणी आणि ओळीने उभ्या डोलकाठ्या. बोटी बांधतात ते पाण्यावर तरंगणारे पाँटून. ते उभ्या खांबांना धरून वर-खाली सरकतात. संध्याकाळी पाच वाजता काठावर जाणारा लोखंडी पूल जिन्यासारखा उभा होता. रात्री साडेदहाला जेवून परतलो तर तोच पूल जवळपास आडवा! साडेपाच तासांत पाणी दीडेक पुरुष चढलेलं, आणि शेकडो दोर पाँटूनला बांधलेले असूनही एकही ताणला गेला नव्हता. ज्याने हे योजलं त्याला माझा नमस्कार.

सकाळी पाण्याबाहेर काढलेल्या बोटींच्या आवारात गेलो. तिथे बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्यावर जस्ताचा गोळा बसवलेला दिसला, अर्धा खाऊन गेलेला. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यातला जास्त क्रियाशील, म्हणजे लवकर गंजणारा धातू झिजतो. म्हणून जस्त मुद्दाम बळी द्यायचं आणि महागडा पंखा वाचवायचा. आमच्या बोटीचं जस्त कधी बदललं, असं कप्तानाला विचारलं. त्याने वही काढून तारीख आणि मापं दाखवली. या एका नोंदीमुळे माझा त्याच्यावर विश्वास बसला.

शाकाहारींसाठी: भाजीतसुद्धा बेलाचान, म्हणजे आंबवून वाळवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, घालतात. ‘मासे नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘बेलाचान नको’ असंच सांगा. रोटी चनाई आणि डाळ मात्र बहुतेक ठिकाणी मिळते. बायकोचे दोन दिवस त्यावरच गेले.

दुसरी तक्रार पैशांची. मरिनात बोट बांधण्याचं शुल्क बोटीच्या लांबीवर असतं. आमच्या पॅकेजमध्ये ते धरलेलं नव्हतं आणि निघताना वेगळं मागितलं. आधी सांगितलं असतं तर आनंदाने दिलं असतं. बुकिंगआधी दोन गोष्टी लेखी घ्या: एसी कधी चालणार आणि मरिनाचं शुल्क कोण भरणार. डिसेंबर ते मार्चमध्येच जा. सप्टेंबर-ऑक्टोबरला तिथे पावसाचा जोर असतो.

मी पुन्हा जाईन, त्याच कप्तानाबरोबर, आणि दोन्ही रात्री रेबाकला. शुल्काची पावती एजन्सीकडे मागितली आहे. ती आली की इथेच लिहीन.