नाताळचे झाड आणि रोषणाई : घरासाठी काय निवडावे?

मिरज-सांगलीत नाताळसाठी घरात झाड उभे करायचे म्हटले, की साधारणपणे तीन पर्याय समोर येतात : सुरूची तोडलेली फांदी, रोपवाटिकेतील कुंडीतले अरोकेरिया किंवा दुकानातले प्लॅस्टिकचे झाड. त्यांच्या दिसण्याची आणि किमतीची चर्चा घरोघरी होते. झाड पेटण्याची शक्यता किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

सुरूची फांदी स्वस्त आणि देखणी असली, तरी तिघांत सर्वांत धोक्याची तीच आहे. सुरूचे लाकूड सरपण म्हणून नावाजलेले आहे आणि ते ओले असतानाही जळते. त्यात डिसेंबरमधली आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे बादलीतल्या वाळूत रोवलेली फांदी सणापूर्वीच वाळू लागते. अमेरिकेत पाइनच्या झाडांवर झालेल्या प्रयोगांत वाळलेले झाड मिनिटभराच्या आत संपूर्ण पेटले, तर रोज पाणी मिळालेल्या झाडाने सहजी पेट घेतला नाही. म्हणून फांदीच आणायची असेल, तर तिचे बूड नव्याने कापून ती पाण्यात उभी करावी आणि हिरव्या काड्या रोज वाकवून पाहाव्यात. त्या पेरांपाशी कटकन तुटू लागल्या, की सण उरलेला असला तरी फांदी घराबाहेर काढावी.

कुंडीतले अरोकेरिया जिवंत असल्याने ओलसर राहते आणि माझ्या मते निवड याचीच व्हावी. त्याच्या कोवळ्या फांद्यांना जड सजावट पेलत नाही, एवढीच त्याची उणीव आहे. प्लॅस्टिकचे झाड वर्षानुवर्षे वापरता येते, परंतु ते पेटल्यास धूर विषारी असतो; ते घेताना खोक्यावर अग्निरोधक असल्याचा उल्लेख आहे का, हे अवश्य पाहावे.

तरीही झाडापेक्षा अधिक विचार दिव्यांच्या माळेचा करावा, कारण अनेकदा ठिणगी तिथून येते. जुन्या पद्धतीच्या बारीक बल्बांच्या माळेत बहुतांश विजेची उष्णता होते, तर एलईडीच्या माळेचे दिवे हाताला जेमतेम कोमट लागतात. त्यामुळे एलईडी श्रेयस्कर, यात वाद नाही. परंतु एलईडी घेतली म्हणजे काळजी मिटली, हा समज चुकीचा आहे. मारुती रोडवर काय किंवा लक्ष्मी मार्केटमध्ये काय, स्वस्त माळांची वायर केसासारखी बारीक असते, दोन पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज नसतो आणि लुकलुकणे नियंत्रित करणारी छोटी डबी थेट २३० व्होल्टवर चालते. अशा वायरीचा जोड सैल झाला, तर तिथे उष्णता साठत जाते, मात्र एकूण प्रवाह वाढत नसल्याने घरातला एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढल्यावर आपोआप वीज तोडणारा खटका, पडत नाही. सहा अँपिअरच्या सॉकेटला दहा माळांचा भार सहज झेपतो. प्रश्न भाराचा नसून पिळून चिकटपट्टी लावलेल्या जोडाचा असतो. म्हणून माळ अर्धा तास लावून ठेवावी, मग बटण बंद करून प्लग, डबी आणि प्रत्येक जोड बोटांनी चाचपावा. चटका बसेल इतके काही तापले असेल, तर ती माळ वापरू नये. शक्य असेल तर चांगल्या अडॅप्टरवर चालणारी कमी व्होल्टची माळ घ्यावी. तिची किंमत थोडी जास्त असली, तरी झाडावर कमी खर्च करून ती घेणे योग्य ठरेल.

उघड्या मेणबत्त्या झाडाजवळ कोणत्याही परिस्थितीत नकोत. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीबाबतही तेवढीच दक्षता हवी, कारण तिच्यातले वाळके गवत सुरूहूनही लवकर पेटते आणि नेमका त्याच गवतात बल्ब खोचण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिथे एलईडीचा एखादाच दिवा, गवताला न टेकता, वरच्या बाजूस बसवावा. झोपताना आणि रात्रीच्या उपासनेला जाताना प्लग काढूनच दार लावावे. पेट घेतलाच, तर मेन स्विच बंद होईपर्यंत पाणी ओतू नये, माणसे आधी बाहेर काढावीत आणि १०१ वर फोन करावा.